आठवीतल्या पिचरचं कोपर दुखतंय: दिवसाला किती बॉल टाकू द्यायचे?

गुहागर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा साडेतेरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघातला एकुलता एक पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा. जिल्हास्तरीय स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने झाले आणि दोन्हींत त्यानेच पिचिंग केलं. तेव्हापासून बॉल टाकताना कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. दोन-तीन दिवस हात स्वस्थ ठेवला की थांबतं, पुन्हा टाकायला लागला की सुरू. संध्याकाळी वाडीतल्या पोरांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट चालूच आहे. विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. पीटीचे सर म्हणतात, तेल लावून शेक द्या, सवय झाली की दुखणं बसेल. वडिलांना एकच हवंय: या वयात दिवसाला किती बॉल टाकले तर धोका नाही, तो आकडा.

आकडे आहेत आणि खाली देते. पण तुमच्या मुलाला आज लागू होणारा आकडा शून्य आहे. वयानुसार ठरवलेल्या सगळ्या मर्यादा न दुखणाऱ्या हातासाठी असतात. दुखणाऱ्या कोपराला पंचवीस बॉल चालतील का, चाळीस चालतील का, असा हिशोबच करता येत नाही. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं बॉल टाकताना पुन्हा पुन्हा येत असेल, तर टाकणं थांबवायचं आणि तपासून घ्यायचं. सवयीने बसणारं हे दुखणं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. माझ्याकडे येणारी खेळाडू मुलं बहुतेक हात फेकणारीच असतात: फास्ट बोलर, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली, भालाफेकवाले आणि अधूनमधून बेसबॉलचे पिचर. तुमच्या मुलाचं कोपर मी हाताने तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण प्रश्नात तुम्ही जे लिहिलंय त्यावरून काय वाटतं, का वाटतं आणि पुढे वर्षभर काय सांभाळायचं, ते सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, आत्ता या कोपराचं काय करायचं. दुसरा, बरं झाल्यावर पुन्हा तेच होऊ नये म्हणून काय करायचं. दुसऱ्याचं उत्तर दिवसाच्या आकड्यात पूर्ण मावत नाही, कारण त्या हाताचा एकत्र हिशोब आपल्याकडे कोणी ठेवतच नाही. शाळेचे सर शाळेच्या सामन्यांचं बघतात, वाडीचा कप्तान वाडीच्या मॅचचं बघतो, घरच्यांना दोन्हींतलं अर्धंच माहीत असतं. हात मात्र एकच आहे.

आधी कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट आणि बोटं मिटणारे स्नायू तिथून सुरू होतात आणि कोपर आतून धरून ठेवणारं लिगामेंटही तिथेच चिकटलेलं असतं. मोठ्या माणसात हा उंचवटा दंडाच्या हाडाशी एकजीव झालेला असतो. मुलांमध्ये दोघांच्या मध्ये कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. खाणीतून नुकताच काढलेला चिरा कसा मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात राहून मग टणक होतो, तशी ही जागा आहे. मुलांमध्ये ती साधारण पंधरा ते सतरा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. तोवर ओढ पडली की आधी तिथे इजा होते.

पिचिंगमध्ये ही ओढ जबरदस्त असते. हात मागे जाऊन पुढे झेपावतो त्या क्षणी कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची बाजू दाबली जाते. व्यावसायिक पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला ७००० अंशांपेक्षा जास्त वेगाने फिरतो. तेरा वर्षांच्या मुलाचा वेग आणि ताकद कमी असते, पण त्याच्या कोपरातला सगळ्यात कच्चा भागही तितकाच कच्चा असतो. मोठ्या पिचरचं लिगामेंट फाटतं, मुलाची ग्रोथ प्लेट दुखावते. बेसबॉलच्या देशांत हे इतकं दिसलं की १९६० पासून त्याला ‘लिटल लीग एल्बो’ असं नावच पडलं (लिटल लीग ही तिकडची लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना). ‘टॉमी जॉन सर्जरी’ हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. टॉमी जॉन या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली ती केली. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवायचा, अशी ती शस्त्रक्रिया. ती केली की हात आधीपेक्षा जोरदार होतो, असा समज काही मुलांमध्ये आहे. तो चुकीचा आहे. आणि तुमच्या मुलाच्या वयात तो विषयही नाही.

मुलगा तसाच टाकत राहिला तर काय होतं? कूर्चेचा थर सुजतो, रुंदावतो, कोपर शेवटपर्यंत सरळ होईनासं होतं. एखाद्या जोरदार बॉलला तो उंचवटा हाडापासून ओढून निघूही शकतो. तसं झालं तर मुलाला ‘कट’ असं काहीतरी जाणवतं, लगेच सूज येते आणि हात हलवता येत नाही. तेव्हा उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यायचं.

तुमच्या वर्णनाशी हे जुळतं, पण कोपर दुखण्याची कारणं अनेक असतात आणि दुखण्याची जागा महत्त्वाची असते. बाहेरच्या बाजूला दुखत असेल, कोपर मध्येच अडकत असेल किंवा आत खटखट होत असेल, तर सांध्याच्या पृष्ठभागाखालचं हाड खराब होत असण्याची शक्यता असते. ते आतल्या बाजूच्या दुखण्यापेक्षा जास्त काळजीचं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर कोपरामागून जाणाऱ्या नसेचा प्रश्न असू शकतो. दंडाच्या वरच्या भागात, खांद्याजवळ दुखत असेल तर तिथलीही एक ग्रोथ प्लेट असते आणि ती दुखावली तर सावरायला कोपरापेक्षा जास्त वेळ घेते, बहुतेकदा तीन महिने तरी. म्हणून मुलाला नुसतं ‘दुखतंय का’ विचारू नका, एका बोटाने जागा दाखवायला सांगा.

चिपळूण किंवा रत्नागिरीला अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा आणि मुलगा बेसबॉलचा पिचर आहे हे आधी सांगा. ‘खेळताना लागलं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर पडल्याची इजा शोधतात. एक्स-रे काढायचा ठरला तर दोन्ही कोपरांचा काढता येईल का, ते विचारा. वाढत्या वयात उजव्या हाताचा थर रुंद आहे की नाही, हे डाव्याशी ताडून बघितल्याशिवाय कळणं कठीण जातं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच खेळायला मोकळा, असंही समजू नका. सुरुवातीच्या दुखण्यात एक्स-रेत काहीच दिसत नाही असं पुष्कळदा होतं. तपासणीत त्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखतं की नाही, त्याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

निदान हेच निघालं तर साधारण चार ते सहा आठवडे हात फेकायचा नाही. टेनिस बॉलसुद्धा नाही. कैऱ्या पाडायला दगड मारायचे नाहीत. तुम्ही खाडीकाठचे असाल आणि पोरगा पाग (फेकून टाकायचं मासे पकडण्याचं जाळं) टाकायला जात असेल तर तेही बंद, कारण पाग फेकताना अंग आणि खांदा जवळपास तसाच फिरतो. हे मी मुद्दाम लिहितेय. ‘महिनाभर पूर्ण विश्रांती दिली’ असं सांगणाऱ्या घरांत नीट विचारलं की यातलं काहीतरी चालू असतंच. लपवलेलं नसतं, ते खेळ म्हणून मोजलं जात नाही, इतकंच.

तेलाबद्दल. हलक्या हाताने तेल लावल्याने नुकसान नाही, पण त्या उंचवट्यावर जोरात रगडायचं नाही. हाडवैद्याकडे नेऊन कोपर ओढून-ताणून घ्यायचं नाही. खेळून आल्यावर दुखत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. सामन्याआधी दुखण्याची गोळी देऊन उतरवणं ही मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते. दुखणं हीच त्या मुलाला मिळणारी एकमेव सूचना असते आणि गोळी नेमकी तीच बंद करते. लवकर खेळता यावं म्हणून या वयात कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

या काळात मुलाने घरी बसून राहायचं नाही. धावावं, पोहावंसं वाटलं तर दुखत नाही ना ते बघून पोहावं, पाय, पोट आणि पाठीचे व्यायाम करावेत. पिचिंगची ताकद जमिनीतून पायात, पायातून कंबरेत आणि तिथून हातात येते. कंबर आणि मांड्या कमजोर असल्या की वेगाची भरपाई कोपराला करावी लागते. एका पायावर उभं राहून हळू खाली बसायला सांगा. गुडघा आत वळत असेल, तोल जात असेल, तर पुढच्या महिन्याचं काम तिथे आहे.

आता तुम्ही मागितलेले आकडे. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाने वयानुसार मर्यादा जाहीर केल्या. पिच म्हणजे पिचरने टाकलेला एक बॉल. एका दिवसात नऊ-दहा वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त ७५ पिच, अकरा-बाराच्या मुलाने ८५ आणि तेरा ते सोळाच्या मुलाने ९५. सतरा-अठराला १०५. पण आपल्याकडे फक्त हा पहिला आकडा पोचतो आणि त्याच्याइतकीच महत्त्वाची असलेली विश्रांतीची अट मागे राहते. चौदा आणि त्याखालच्या मुलाने दिवसात २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. २१ ते ३५ टाकले तर मध्ये एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या पुढे गेलं की चार दिवस. एकाच दिवशी दोन सामन्यांत पिचिंग करू नये, तुमच्या मुलाच्या वयात वर्षात १०० इनिंगच्या वर जाऊ नये (बेसबॉलमध्ये समोरचे तीन खेळाडू बाद झाले की पिचरची एक इनिंग संपते) आणि वर्षातले किमान चार महिने हात फेकण्यापासून मोकळे असावेत, हेही त्यातच आहे.

तुमच्या मुलाने जिल्ह्याला किती पिच टाकले, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित कोणी मोजलेच नसतील. शालेय पातळीवर एका इनिंगला पंधरा-वीस पिच सहज लागतात, आणि बॉल स्ट्राइकमध्ये, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्यात, पडेनासा झाला की त्याहून जास्त. एका दिवसात दोन सामने म्हटल्यावर तो दिवस नियमाबाहेर गेला, एवढं न मोजताही सांगता येतं.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी स्थापन केलेली संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचरांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. वर्षात १०० इनिंगपेक्षा जास्त टाकणाऱ्यांना गंभीर इजा होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. त्यांचाच २००६ चा आणखी एक अभ्यास आहे. त्यात खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना इजा न झालेल्या ४५ जणांशी केली. वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ सामन्यांत पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाच पट, सामन्याला सरासरी ८० हून जास्त पिच टाकणाऱ्यांमध्ये चौपट. आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये छत्तीस पट.

या छत्तिसाच्या आकड्यापाशी थांबा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. एक मुलगा ७० व्या पिचला ताजातवाना असेल, दुसरा ३० व्यालाच थकलेला असेल. आदल्या रात्री कुठे मॅच होती, झोप किती झाली, तापातून नुकता उठलाय का, या वर्षी उंची किती वाढली, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. म्हणून ९५ ही छतासारखी वरची हद्द धरा, तिथपर्यंत पोचायचंच असं काही नाही. थकवा दिसला की आकडा कितीही असो, पिचर बदलायचा.

थकवा दिसतो कसा? मुलाला विचारून उपयोग नाही, तो ‘काही नाही, टाकतो’ असंच म्हणतो. मी बॉल कुठे पडतोय ते बघते. बॉल वर जायला लागले, बॅटरच्या मागे बसून बॉल धरणाऱ्या कॅचरला उठून धरावे लागायला लागले की समजायचं. कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली उतरतं. बॉल सुटताना अंग पुढे झुकायचं ते ताठ राहतं. दोन पिचमधला वेळ वाढतो. मुलगा हात झटकतो, खांदा गोल फिरवतो, दुसऱ्या हाताने कोपर धरतो. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर मी सरांना खूण करते.

आता न मोजल्या जाणाऱ्या बॉलबद्दल, कारण तुमच्या घरचा प्रश्न माझ्या मते इथेच आहे. फ्लोरिडातल्या शालेय पिचरांवर झालेल्या एका अभ्यासात सामन्याच्या दिवशी त्यांनी टाकलेला प्रत्येक पिच मोजला. वॉर्मअपचे, बाजूला सरावाचे, इनिंगच्या सुरुवातीचे, सगळे. सुमारे ४२ टक्के पिच अधिकृत मोजणीत आलेच नव्हते, असं निघालं. आणि हे जिथे पिच मोजायची पद्धत रुजली आहे तिथलं चित्र. आपल्याकडे त्यावर संध्याकाळचं टेनिस क्रिकेट येतं, त्यात सीमारेषेवरून जोरात केलेले थ्रो येतात.

टेनिस बॉल हलका असतो, त्याने काय होणार, असं मला नेहमी विचारतात. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, टेनिस बॉल त्याच्या निम्म्याहूनही हलका. पण बॉल हलका म्हणून मुलगा हात हळू फिरवत नाही, उलट जास्त जोरात फिरवतो. वॉर्मअप तर नसतोच. आल्याआल्या पहिलाच थ्रो पूर्ण ताकदीने. क्रिकेटमधली बोलिंग मात्र वेगळी आहे. हात सरळ फिरत असल्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूला पिचिंगसारखी ओढ बसत नाही. तिथे भार खांद्यावर आणि कंबरेच्या मणक्यावर येतो, आणि वाढत्या वयातल्या फास्ट बोलरना कंबरेच्या मणक्यात बारीक तडा जाण्याचं प्रमाण बरंच आहे. म्हणून वहीत ओव्हर वेगळ्या लिहा, थ्रो वेगळे लिहा, पिच वेगळे लिहा, आणि पिचिंग व फास्ट बोलिंग एका दिवशी होऊ देऊ नका. मागे वाकल्यावर कंबर एका बाजूला दुखते असं मुलगा म्हणाला तर तेही तपासा.

आपल्या कोकणातलं वेळापत्रक हा या सगळ्यातला फार मोठा भाग आहे, आणि बाहेरच्या पुस्तकात तो सापडणार नाही. शिमग्यापासून मे अखेरपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. मेमध्ये चाकरमानी आले की गाव विरुद्ध मुंबईकर, रात्री दिव्यांच्या उजेडात मॅच, एका दिवसात तीन-तीन सामने. मग पाऊस पडतो आणि सगळं ठप्प. हा पावसाळा म्हणजे हाताला आपोआप मिळालेली सुट्टी आहे. जे चार महिने मोकळे ठेवा म्हणून तिकडे पालकांना विनवावं लागतं, त्यातले बरेचसे इथे निसर्गच देतो. पण शालेय स्पर्धा नेमक्या याच सुमारास सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग असं एकामागोमाग एक. महिना-दीड महिना बॉलला हात न लावलेला मुलगा चार दिवसांच्या सरावावर उतरतो आणि पहिल्याच दिवशी सत्तर-ऐंशी पिच टाकतो. वर्षभराची बेरीज बघितली तर तो फार कमी टाकणारा मुलगा आहे. इजा होते ती या अचानक चढलेल्या भारामुळे.

म्हणून पुढच्या वर्षी जुलै लागला की तयारी सुरू करा. मैदान नको, शाळेचं सभागृह किंवा लांब पडवी पुरते. पहिल्या आठवड्यात आठ-दहा मीटरवरून सावकाश पंचवीस-तीस थ्रो, एक दिवसाआड. मग अंतर वाढवा, मग संख्या, आणि जोर सगळ्यात शेवटी. या तीन गोष्टींपैकी एका आठवड्यात एकच वाढवायची. पाच-सहा आठवड्यांनी तो पूर्ण अंतरावरून, म्हणजे मोठ्यांच्या मैदानावरच्या १८.४४ मीटरवरून, जोरात टाकायला तयार होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना लिटल लीगमध्ये हे अंतर १४ मीटर असतं. लहान गटातला मुलगा मोठ्या अंतरावरून टाकत असेल तर तेही सरांच्या कानावर घाला. दुखण्यातून उठल्यानंतर परत येतानाही हाच क्रम. फक्त कुठल्याही पायरीवर दुखलं तर दोन दिवस थांबून एक पायरी मागे जायचं.

जमिनीकडेही लक्ष द्या. आपल्या मैदानांवर पिचरसाठी उंचवटा नसतो. लाल माती ओली असली की पुढचा पाय सरकतो, पाय सरकला की अंग अडतं आणि उरलेला जोर हात एकटा काढतो. भिजलेला बॉल जड आणि निसरडा होतो, मुलगा तो घट्ट आवळतो आणि कोपराच्या आतल्या बाजूने येणाऱ्या त्याच स्नायूंवर आणखी ताण येतो. पिचर उभा राहतो आणि पाऊल टाकतो तिथे कोरडी माती किंवा भुसा टाकायला, बॉल फडक्याने पुसायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

कर्व्हबॉलबद्दल, म्हणजे हवेत वळणाऱ्या बॉलबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण मोबाइलवर बघून मुलं शिकतात म्हणून लिहिते. प्रयोगशाळेत मोजलं तर कर्व्हबॉलने कोपरावर फास्टबॉलपेक्षा जास्त ताण येतो असं दिसत नाही. पण ९ ते १४ वर्षांच्या मुलांचा हंगामभर पाठपुरावा केला तेव्हा कर्व्हबॉल टाकणाऱ्यांमध्ये खांदेदुखी जास्त आढळली आणि स्लायडर (जोरात जाऊन शेवटी बाजूला वळणारा बॉल) टाकणाऱ्यांमध्ये कोपरदुखी. माझं मत असं की चौदापर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला हळू बॉल) पुरेसे आहेत. शालेय पातळीवर बॉल हवा तिथे पडला की विकेटइतकंच काम होतं. मनगट पिळून बॉल वळवायची घाई नको.

आता सर. त्यांच्याशी भांडू नका. एकच शिक्षक कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स सगळं बघतो, आणि बेसबॉलला पोरं जमवणं हेच मोठं काम असतं. ‘पूर्वीची पोरं दिवसभर टाकायची’ असं ते म्हणाले तर त्यांना जपानचं सांगा. १९९८ च्या कोशिएन या तिथल्या राष्ट्रीय शालेय बेसबॉल स्पर्धेत दाइसुके मात्सुझाका या शाळकरी पिचरने एका सामन्यात १७ इनिंगमध्ये २५० पिच टाकले. सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तो अमेरिकेत मोठा पिचर झाला आणि २०११ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन सर्जरी झाली. ती त्या एका दिवसामुळे झाली असं कोणी म्हणू शकणार नाही. पण मुलाने हात झिजवून संघ जिंकवावा याचं जिथे सर्वांत जास्त कौतुक व्हायचं, त्याच जपानने २०२० पासून शालेय पिचरला आठवड्यात ५०० पिचची मर्यादा घातली. ५०० हा आकडाही मला फार वाटतो, पण मर्यादा घालावी लागली हे महत्त्वाचं.

सरांकडे दोन गोष्टी मागा. पहिली, आणखी दोन मुलं पिचर म्हणून तयार करणं. ती सुरुवातीला वाईट टाकतील, सामनेही हरतील, पण एका पिचरवर उभा असलेला संघ त्या मुलाचं कोपर असेपर्यंतच टिकतो. दुसरी, मोजणी. पूजा साहित्याच्या दुकानात नामजपाचा काउंटर मिळतो, बोटात अडकवून बटण दाबायचा. राखीव खेळाडूच्या हातात तो द्या, प्रत्येक पिचला एकदा दाबू दे, वॉर्मअपचे धरून. आणखी एक: पिचिंग संपलं की त्याच मुलाला कॅचर करायचं नाही. कॅचर प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकतो, म्हणजे हाताला विश्रांती मिळतच नाही. लिटल लीगमध्ये ४१ किंवा त्याहून जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर होताच येत नाही. पिचिंगनंतर त्याला पहिल्या बेसवर उभं करा, तिथे बॉल झेलायचा जास्त आणि फेकायचा कमी असतो.

घरी तुम्ही दोनच नोंदी ठेवा. वहीत रोजचे पिच, थ्रो, ओव्हर आणि दुखलं की नाही. आणि महिन्यातून एकदा दाराच्या चौकटीपाशी उभं करून उंचीची खूण. उंची भराभर वाढत असलेल्या महिन्यांत कूर्चेवर ओढ जास्त असते, तेव्हा आकडे आपणहून खाली आणायचे.

राहिली विभागीय स्पर्धा. तीन आठवड्यांत हे कोपर पिचिंगला तयार होईल असं मला वाटत नाही, आणि डॉक्टरांनी तपासून वेगळं सांगितल्याशिवाय त्याला पिचर म्हणून पाठवू नका. पण त्याला संघातून काढायचंही कारण नाही. बॅट फिरवताना कोपर अजिबात दुखत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा, म्हणून खेळू शकतो, बेसवर धावू शकतो. त्या स्पर्धेत तो नियम चालतो का, हे सरांना आयोजकांकडून आधीच विचारून घ्यायला सांगा. क्षेत्ररक्षणाला मात्र कुठेच नको, अगदी पहिल्या बेसवरही नको. बॉल हातात आला की मुलगा फेकणारच, तेव्हा त्याला कोपर आठवत नाही. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर संघ बसतो तिथे, बसून काउंटर दाबायचं काम त्यालाच द्या, आणि नवा पिचर कधी थकतोय हे सरांना सांगायचंही.